कुजबुजीतलं इंग्रजी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गच्चीवर चादरींच्या घड्या घालणं. तिच्या पाळणाघरातल्या पोरांच्या चादरी त्या. बारक्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. कुणावर हत्ती, कुणावर मोटारी. ऊन उतरायला लागलं की आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली लांबत लांबत पार कठड्यापर्यंत जाते. त्या सावलीत ती उभी, उन्हात मी. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. चादर ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडं चालत यायचं आणि टोकाला टोक जुळवायचं.

दर चादरीला ती मला एक इंग्रजी शब्द विचारायची. अर्थ बरोबर आला तर घडी. चुकला तर टोकं हातातच धरून मागं सरकायची, चादर पुन्हा ताणायची, आणि मला आपलं उन्हात परत जावं लागायचं.

"टेक," ती म्हणाली.

"घेणं."

"आणखी?"

"गोळी खाणं. फोटो काढणं."

"आणखी?"

"आता आणखी काय, बाई? दोन झाले की."

"वेळ लागणं. बस धरणं. आंघोळ करणं."

"आंघोळबी टेक? ती काय दुकानातनं घ्यायची असती व्हय?"

"घेत्यात ते. तुम्ही गुमान मागं जा."

मी हसत मागं गेलो. ती हसली नाही. लांबनं कुणी हाक मारावी आणि नीट ऐकू येऊ नये, तशी मान वाकडी करून उभी राहिली. "जरा बसते," म्हणाली आणि कठड्याला पाठ लावून खालीच बसली. चादरीची दोन टोकं तिच्या मुठीतच होती. मी माझ्याकडची सोडली नाहीत. किती वेळ तसाच चादर धरून उभा होतो, देव जाणे.

"पित्त झालं असंल," ती म्हणाली.

"चल दवाखान्यात."

"खाली पोर आहे. तिची आई येऊ द्या."

पोर म्हणजे चार वर्षांची एक मुलगी. आम्ही तिला बारकी म्हणायचो. बाकीची पोरं गेली होती, तिची आई कंपनीतनं यायची होती. मी रिक्षा आणली, तेवढ्यात आईची स्कूटीबी आली. माझ्या खांद्याला धरून हिनं चपला घातल्या, बारकीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "येते हं."

बारकी पायरीवरनं हात हलवत ओरडली, "आय कम, आजी, आय कम!"

ती काही आली नाही. दवाखान्यातनं तिला घरी आणली ती दुसऱ्याच गाडीतनं.

*

आमच्या घरात इंग्रजी शिरलं ते म्हातारपणी. म्हणजे माझ्या तोंडात तसं ते आधीपासून होतं, पण लोखंडाचं. मी चौथी शिकलेला. पाचोडच्या पलीकडच्या एका वस्तीवरनं शहरात आलो, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर लागलो आणि लेथवरच म्हातारा झालो. लेथला बेड असतो, हेड असतं, टेल असतं, पुढं अ‍ॅप्रन असतो. जे लोखंड तासायचं त्याला जॉब म्हणायचं. बेअरिंग ढिलं झालं की त्यात प्ले आला म्हणायचं. मला कित्येक वर्षं वाटायचं, इंग्रजी भाषा यंत्रांसाठीच केलेली आहे, माणसांना ती नंतर दिली असंल.

तिचं पाळणाघर सुरू झालं पोरगा पुण्याला गेल्यावर. घर रिकामं वाटतंय म्हणून एक मूल सांभाळायला घेतलं, त्याचं बघून दुसरं आलं, मग सहा-सात झाली. नवराबायको दोघं कामावर जाणारी ही सगळी घरं. सकाळी डबा आणि पिशवीसकट पोर आणून ठेवायची, संध्याकाळी न्यायची. सगळं बरं चाललं होतं. मग एक दिवस बारकीच्या आईनं दारातच सांगितलं, "काकू, राग मानू नका, पण शाळेत मुलाखत असते. दिवसभर हिच्या कानावर इंग्रजी पडत नाही. नाहीतर मला हिला दुसरीकडं ठेवावं लागेल."

मला संताप आला. चार वर्षांच्या पोरीची कसली मुलाखत! ही मात्र बारकीकडं बघत होती. बारकी तेव्हा हिच्या पदराचं टोक तोंडात घालून चोखत उभी होती. त्या पोरीनं हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातनं कधी भात खाल्ला नव्हता. दुपारी हिनं सगळी पोरं शेजारणीच्या हवाली केली आणि मला म्हणाली, "रिक्षा आणा. औरंगपुऱ्यात जायचं."

पुस्तकाच्या दुकानात त्या माणसानं व्याकरणाचं पुस्तक पुढं केलं. हिनं ते बोटानं परत सरकवलं.

"व्याकरण नको. रोज लागत्यात ते शब्द द्या."

"कोणते शब्द, अम्मा?"

"साधे. मोठे नकोत. मोठे शब्द पोरांना कशाला लागत्यात?"

त्यानं वरच्या फळीवरनं एक जाडजूड काढलं. "ये ले जाव अम्मा. छोटे छोटे लफ्ज हैं, लेकिन एक एक के दस दस काम."

तिनं तिथंच उघडून बघितलं. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि त्याचे अर्थ दोन पानं भरून. मराठीत, बारीक अक्षरात. ती बराच वेळ बघत राहिली. "अवो," मला म्हणाली, "एवढासा जीव आन एवढा संसार!"

तो शब्द गेट होता. पुढं तो तिचा लई लाडका झाला. मिळणं गेट, आणणं गेट, उठणं गेट, पोचणं गेट, समजणं गेट, भिजणं गेट, लग्न होणं गेट. ती म्हणायची, "हा पंगतीत वाढणारा माणूस आहे. कुणाचंबी लगीन असू दे, हा बादली घेऊन उभा."

*

शिकायला वेळ एकच होता, दुपारचा. जेवणं झाली की ती खोलीभर सतरंजी पसरायची, पोरं ओळीनं आडवी करायची, पडदा ओढायची. पडदा निळा होता, त्यामुळं दुपारी सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. पंख्याला एक खडखड होती, मी ती काढू शकलो असतो, पण पोरांना तिच्यावर झोपायची सवय लागली होती म्हणून ठेवली. एकेक डोळा मिटायचा. कुणाचा हात कुणाच्या पोटावर. मग भिंतीला टेकून आम्ही दोघं बसायचो, मध्ये ते पुस्तक, आणि ती वाचायची. कुजबुजत. पोरं उठू नयेत म्हणून.

"रन. पळणं."

"हं."

"नळ वाहणं. कारखाना चालवणं. निवडणुकीला उभं राहणं. कपड्याचा रंग जाणं. नाक वाहणं."

"नाकबी पळतं?"

"हळू बोला! त्यांच्याकडं पळतं. आपल्याकडं वाहतं. आन त्याच्यामागं रुमाल घेऊन मी पळते."

कारखान्यात मी इंग्रजी ऐकलं ते सगळं ओरडून. यंत्रांच्या वरनं आवाज काढावा लागायचा. घरी ऐकलं ते सगळं झोपलेल्या पोरांच्या वरनं, श्वासाइतकं. त्यामुळं आजबी बाजारात कुणी मोठ्यानं इंग्रजी बोललं की मला वाटतं, हा माणूस कुणाला तरी उठवणार.

कधी कधी वाचता वाचता तिचा आवाज कमी कमी होत जायचा आणि ती बसल्या जागी डुलक्या घ्यायची. बोट पानावर तसंच. मी तो शब्द पुढं वाचायचा प्रयत्न करायचो, मराठी तेवढं जमायचं. मग मलाबी पेंग यायची. पंख्याच्या खडखडीत शब्द मिसळायचे. लुक, बघणं. लुक फॉर, शोधणं. लुक आफ्टर, सांभाळणं. ते तिला फार आवडलं होतं. "आपलंबी तसंच की," ती म्हणाली होती. "लोक विचारत्यात, पोराला कोण बघतं? म्हणजे सांभाळतं कोण. बघणं म्हणजेच सांभाळणं. दोन्हीकडच्या बाया सारख्याच असणार, त्याशिवाय शब्द असा झाला नसता."

मला एवढे अर्थ लक्षात राहायचे नाहीत. मी वैतागून म्हणायचो, एका शब्दाला एक अर्थ ठेवायला यांचं काय जात होतं? नट म्हणजे नट, बोल्ट म्हणजे बोल्ट, कसं बरं असतं. तर ती मला समजावून सांगायची. तिची समजवायची रीत तिची होती, पुस्तकात तसलं काही नव्हतं.

"शब्द एकटा उभा केला की मुका असतो. तुमचंच बघा. एकटे उभे राहिलात तर कोण तुम्ही?"

"कोण म्हणजे? मी."

"मी कुणीबी असतं. माझ्या भावाशेजारी उभे राहिलात की दाजी. बहिणीच्या पोराशेजारी मामा. या पोरांत बसलात की आबा. आन कारखान्यात?"

"टर्नर."

"झालं तर. माणूस तोच. शेजारी कोण उभं आहे ते बघायचं आन मग हाक मारायची. आपल्या शहराचंच बघा ना. कागदावर एक नाव, सवयीनं तोंडात दुसरं. रिक्षा आणून सोडती ती त्याच घरी."

मी आयुष्यभर टर्नर होतो, म्हणजे लोखंड फिरवणारा. पोरं घसरगुंडीवर भांडायची, "माझा टर्न, माझा टर्न!" तेव्हा मला कळलं की टर्न म्हणजे पाळीबी असती.

*

रविवारी सकाळी कॉलनीतल्या देवळाच्या हॉलमध्ये बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग असायचा. शिकवणाऱ्या मॅडम आमच्याच गल्लीतल्या. घराणं मूळ भिक्षुकांचं, आता सगळे बँकेत नाहीतर कॉम्प्युटरवर. मॅडम स्वतः बँकेत, स्वभावानं चांगल्या, फुकट शिकवायच्या. मी हिला सोडायला जायचो आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचो. आतलं सगळं ऐकू यायचं.

एकदा तास संपताना मॅडमनी सांगितलं, एकेकीनं उठून निरोपाचं वाक्य म्हणायचं. मी घरी जाते. आय अ‍ॅम गोइंग होम. पहिली पाळी हिची.

"आय कम," ही म्हणाली.

"मावशी, कम नाही. गो. तुम्ही जाताय ना?"

"व्हय."

"मग गो."

"निघताना जाते म्हणू नाय, मॅडम. येते म्हणावं."

"ते मराठीत हो."

"मग इंग्रजीत काय, माणसानं परत यायचं नसतं?"

बायका खिदळल्या. मॅडमनी पुढचीला उठवलं. तिनं तोंड उघडलं आणि तशीच राहिली. म्हणाली, "मलाबी नाय म्हणवत. आमचे हे बिल्डिंगवर कामाला असत्यात, सहाव्या मजल्यावर." तिसरी म्हणाली, "माझा पोरगा आत्ताच गाडी घेऊन बाहेर पडलाय. आज नको मॅडम, पुढच्या रविवारी म्हणते." मग तर सगळ्याच अडल्या. मॅडम बिचाऱ्या समजावतायत, "अहो, ही नुसती प्रॅक्टिस आहे!" आणि एक म्हातारी मागनं म्हणते, "तोंडातनं निघालं की निघालं, त्याला प्रॅक्टिस काय कळतंय?"

शेवटी मॅडमनी घड्याळ बघितलं, पर्स उचलली. "बरं, राहू दे. पुढच्या वेळी बघू. चला, येते मी."

आख्खा हॉल हसला. मॅडमना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून हसल्या.

घरी येऊन हिनं बारकीला तेच शिकवलं. संध्याकाळी आई न्यायला आली की पोर म्हणायची, "आजी, मी जाते." ही लगेच तिच्या तोंडावर बोट ठेवायची. "जाते नाय म्हणायचं. जो जाते म्हणतो त्याची वाट कोण बघणार? येते म्हण."

"येते."

"आन इंग्रजीत?"

"आय कम!"

स्कूटी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ते ओरडणं ऐकू यायचं. बारकीची आई एकदा म्हणाली, "काकू, ते चूक आहे हो. मुलाखतीत असं म्हणाली तर?"

"चूक असू दे. शुभ आहे ना?"

आईनं कपाळाला हात लावला, पण पोरगी काढून नेली नाही. शाळेच्या मुलाखतीत बारकीनं सफरचंद दाखवलं, रंग सांगितले आणि उठताना त्या शाळेच्या बाईंना आय कम म्हणून आली. घेतली तिला, जूनपासून. पेढे आमच्याकडं आधी आले. ही म्हणाली, "त्या बाईबी मराठीच असणार."

*

सगळे विधी पैठणला नदीवर झाले. पोरगा-सून आले होते, नातलग आले होते, गोडाचं जेवण झालं आणि सगळे आपापल्या घरी गेले. पोरगा चला म्हणाला, मी बघू म्हणालो. पाळणाघरातली पोरं त्या सगळ्या दिवसांत इकडं तिकडं वाटली गेली. बरोबरच आहे. घरात बाईमाणूस नाही, एकट्या म्हाताऱ्याकडं लेकरं कोण ठेवणार? मी ठेवली नसती.

सकाळ कशीबशी जाते. संध्याकाळला गल्लीत वर्दळ असते. दुपार मात्र जात नाही. जेवलो की पाय आपोआप त्या खोलीत वळतात. मी पडदा ओढतो आणि भिंतीला टेकून बसतो. खोली निळी होते. पंखा खडखडतो. डोळा लागतो न लागतो तेवढ्यात समोर चादर ताणलेली असते, पलीकडनं ती विचारते, "आणखी?" मला अर्थ येत असतो. पण मी मुद्दाम चुकीचा सांगतो. म्हणजे घडी होत नाही, म्हणजे ती टोकं सोडत नाही, मागं सरकते, चादर पुन्हा ताणते, आणि आम्ही दोघं पुन्हा चालायला लागतो. असं किती वेळ चालत असेल, सांगता यायचं नाही. जाग येते तेव्हा पडद्यावरचं ऊन गेलेलं असतं, आणि मी दाराकडं बघतो. कडी वाजली का? नसते वाजलेली. तरी उठून बघतो.

अवो म्हणून हाक मारणारं एकच माणूस होतं. शेजारी ते उभं राहिलं की मी जो कुणी होतो, त्याला आता कुठलं नाव लावायचं, मला समजत नाही.

अशाच एका संध्याकाळी बारकीची आई एकटीच आली. पायरीवर बसली. चहा विचारला, नको म्हणाली.

"काका, ती जेवत नाही."

"बारकी?"

"नव्या पाळणाघरात दाराशी बूट घालून बसते. दिवसभर. झोपवलं तर उठून परत दाराशी. त्या बाई म्हणाल्या, असं असेल तर आम्हाला जमणार नाही. घरी थोडं दूध घेते, तेही ओरडल्यावर. किती वाळलीय, तुम्ही बघाल तर…"

"कुणाची वाट बघती?"

"कुणाची म्हणजे? आजी येणार म्हणते. येते म्हणालीय म्हणते."

मी विचारलं, "तू काय सांगितलंस तिला?"

"आजी गावाला गेल्यात. पाचोडला."

"पाचोडला? इतके दिवस काय बाजारच करती व्हय ती तिथं?"

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यातनं ती रडायला लागली. मी बघत राहिलो. मला बायकांचं रडणं थांबवता येत नाही, कधी आलंच नाही.

डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकेल. म्हणा, आजीला अजून थोडे दिवस लागतील. मुलं विसरतात हळूहळू."

"मी खोटं सांगणार नाय."

"मग खरं सांगणार? चार वर्षांच्या मुलीला?"

"पोर उपाशी बसलीय. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

"काका, तुम्ही फार तोडून बोलता. काकू असत्या तर त्यांनी नीट—"

"ती असती तर सांगायची वेळच आली नसती."

ती उठली. मला वाटलं रागावून निघाली. पण फाटकाशी थांबली, पाठमोरीच म्हणाली, "उद्या सकाळी आणू?"

"आण. कामावर जायच्या आधी."

"पण काय सांगणार ते आधी मला सांगा."

"मला सुचलं की सांगतो."

ती गेल्यावर मी गच्चीवर जाऊन बसलो. दिवे लागले होते. कुठं तरी भाजीला फोडणी बसली, एकाच्या घरातनं टीव्ही, एकाच्या घरातनं पाढे. मी शब्द शोधत होतो. आता हाच शब्द पुस्तकात बघा, असं सांगणारी नव्हती, पण पानं माझ्या डोळ्यासमोर होती. पास म्हणजे परीक्षा पास होणं, पास म्हणजे एसटीचा पास, आणि त्याच पासच्या शेजारी अवे उभं केलं की माणूस गेलं. लॉस म्हणजे धंद्यात खोट, आणि माणूस गेलं तरी लॉस. लेट म्हणजे उशीर, आणि नावाच्या आधी लावलं की तो माणूस आता नाही. कारखान्याच्या फळ्यावर लिहायचे, अमुक एक्स्पायर झाले, औषधाच्या बाटलीसारखं. आमच्या गल्लीतले म्हणत होते, काकू ऑफ झाल्या. जसा बल्ब.

मग मराठी आठवून बघितलं. गेली. वारली. देवाघरी गेली. राहिली नाही. आपलेबी सगळे शब्द दारापाशीच घुटमळतात. गेली म्हटलं तर पोर विचारणार, कुठं? देवाघरी म्हटलं तर विचारणार, तिथनं कधी निघणार? आणि गेलेला माणूस येतो, हे तिला आमच्या घरातच शिकवलेलं. सरळ शब्द एकच आहे. तो आपण शेळीला वापरतो, उंदराला वापरतो, नाहीतर शिवी द्यायला. घरच्या माणसाला वापरत नाही.

तो शब्द मी मनात म्हणून बघितला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी अजून एकदाही, कुणाजवळही, तोंडानं हे बोललेलोच नाही. फोन पोरानं केले. भटजींना मेव्हण्यानं सांगितलं. लोक येऊन म्हणायचे, फार वाईट झालं, आणि मी नुसती मान हलवायचो. वाट बघणारे आम्ही दोघंच होतो, बारकी तिकडच्या दारात आणि मी इकडच्या. तिला उठवलं की मी एकटा उरणार होतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ केली. स्वच्छ सदरा घातला आणि पायरीवर जाऊन बसलो. स्कूटी आली. बारकी उतरली. खरंच वाळली होती, गळ्याची हाडं दिसत होती. माझ्याकडं बघितलंबी नाही, माझ्या खांद्यावरनं आत बघितलं.

"आजी आली?"

"नाय. इकडं बस माझ्याजवळ."

बसली. तिची आई फाटकाशीच उभी राहिली, हेल्मेट हातात धरून.

"आबा, आजी कधी येणार?"

"आजी मेली," मी म्हणालो.

आवाज मोठा निघाला. समोरच्या घरातली बाई झाडता झाडता थांबली.

बारकीनं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे झोपली?"

"नाय. झोपलेलं माणूस उठतं. ती उठणार नाय."

"अलार्म लावला तर?"

"तरी नाय."

"तिला भूक लागली तर?"

"तिला आता भूक लागत नाय. काही दुखत नाय, थंडी वाजत नाय. मेलेल्या माणसाला काय होत नाय."

ती विचार करायला लागली. बुटाचा पट्टा उघडायची, लावायची. मग म्हणाली, "पण ती येते म्हणाली होती."

"व्हय. यायचं तिच्या मनात होतं. तिला येता आलं नाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. मी तिथंच होतो. तिचा हात माझ्या हातात होता."

"मग तू तिला ओढायचं ना," ती म्हणाली.

मी म्हणालो, "ओढून येत नाय माणूस."

ती रडायला लागली. आधी बारीक, मग मोठ्यानं, छाती हलवून. तिची आई फाटक ढकलून धावत आली. मी हात वर केला, तशी ती तिथंच थांबली. बारकीनं माझ्या स्वच्छ सदऱ्यात तोंड खुपसलं. तिच्या पाठीवर हात ठेवून मी बसलो, आणि मग मलाबी आवरलं नाही. समोरची बाई केरसुणी घेऊन उभीच होती. बघू दे म्हटलं.

बऱ्याच वेळानं पोर शांत झाली. नाक माझ्या बाहीला पुसलं.

"पाणी," म्हणाली.

मी गुडघ्यावर हात टेकून उठलो. आत जाऊन माठातलं पाणी आणलं. तिनं पेला दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला, आणि माझ्यापुढं धरला.

"आणखी."

मी पुन्हा आत गेलो.